रंग आपला, रंग दुसऱ्याचा



दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके रंगतात. आज त्या नाटकातल्या रंगाबद्दल बोलू.

आपण पावडर, काजळ, टिकली लावतो तेव्हा चेहरा आपलाच राहतो. नाटकातला रंग वेगळा. पूर्वी दिव्यांचा उजेड मंद असे. मागे बसलेल्या माणसालाही नाकडोळे दिसावेत म्हणून नट मुर्दाडशिंग, सफेदा, काजळ वापरत. मुर्दाडशिंगात शिसे असते, म्हणजे कातडीला ते घातकच. राक्षसाचा रंग, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या, हे सगळे सोंग. त्यात कोणाचा अपमान नाही.

पुरुष बाईचे सोंग घेत. १९११ साली ‘संगीत मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी झाले. त्यांची लुगडी, केसांतली फुले पाहून घराघरांतल्या बायका तशा नटू लागल्या. जिची नक्कल केली, तिलाच ती आवडली.

अमेरिकेत उलटे घडले. १८३०च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून ‘जिम क्रो’ नावाचा काळा माणूस रंगवू लागला. वेडेवाकडे नाचायचे, बोबडे बोलायचे आणि लोकांनी हसायचे. तेव्हा तिथले लाखो काळे लोक गुलामीत होते. पुढे काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांना याच ‘जिम क्रो’चे नाव पडले. १८६०च्या दशकात डेव्ह कार्सनची असली मंडळी मुंबईतही खेळ करून गेली.

शेक्सपिअरचा ऑथेल्लोही गोरे नट शेकडो वर्षे तोंड काळे करून करीत. वास्तविक आयरा आल्ड्रिज या काळ्या नटाने १८२५ सालीच लंडनमध्ये ती भूमिका केली होती. तरी १९६५च्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए काळा रंग लावूनच उभे राहिले. आपल्याकडे देवलांनी त्याच नाटकाचे ‘झुंझारराव’ केले, तेव्हा ऑथेल्लो झुंझारराव झाला, डेस्डेमोना कमळजा झाली. परक्याचे नाटक आपले करायचे ते असे.

म्हणजे फरक डबीतल्या रंगात नाही. राक्षस कोणाच्या घरी राहत नाही. पण माणसांचा समाज राहतो. त्याचा जन्माचा रंग आपण हसण्यासाठी तोंडाला फासतो आणि खेळ संपला की धुऊन टाकतो. त्याला तो धुता येत नाही, त्यावरून मिळालेली वागणूकही धुता येत नाही.

हे दूरचे नाही, बायांनो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘आदिवासी नृत्य’ म्हटले की मुलींच्या हातापायांना काळा रंग, डोक्याला पिसे, तोंडाने हुर्र हुर्र. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे गोंड घरे आहेत. त्या घरची लेक त्याच वर्गात बसते. रेला कसा नाचतात, त्याची पावले तिच्या आजीला ठाऊक आहेत. रंगाची डबी उघडण्याआधी त्या आजीला शाळेत बोलवा, पावले शिकून घ्या. नाच खरा होईल आणि ती पोर मान वर करून नाचेल.