इंडोनेशिया : धर्मांधतेला मुस्लिम समाजातूनच मिळालेले उत्तर

जगात सर्वाधिक मुस्लिम राहणाऱ्या इंडोनेशियाच्या राज्यतत्त्वांचे नाव 'पंचसिला' आहे. शब्द आपल्या पंचशीलाचाच, पण आशय वेगळा. सुकार्नो यांनी १ जून १९४५ रोजी ही पाच तत्त्वे मांडली. मुस्लिमांना शरियतचे पालन बंधनकारक करणारे शब्दही घटनेच्या मसुद्यात आले होते. ते १८ ऑगस्ट १९४५ रोजी वगळण्यात आले. 'एका ईश्वरावर श्रद्धा' हे तत्त्व मात्र राहिले. १९६५ नंतर निरीश्वरवादी म्हणजे कम्युनिस्ट, असा संशय घेतला जाऊ लागला. तेव्हा भिक्खू आशिन जिनरक्खित यांनी 'आदिबुद्ध' ही संकल्पना ईश्वराच्या जागी मांडली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला हे रुचणार नाही, पण एक टक्क्याहूनही कमी असलेल्या समाजाची ती अडचण होती.

धर्मांध हिंसा या देशानेही पाहिली. जानेवारी १९८५ मध्ये बोरोबुदूरच्या नऊ स्तूपांचे बॉम्बस्फोटांत नुकसान झाले. २००२ च्या बाली स्फोटांत दोनशेहून अधिक माणसे मेली.

पोलीस कारवाई झालीच. माझ्या मते मात्र महत्त्वाचे काम १९२६ मध्ये स्थापन झालेल्या 'नहदलातुल उलामा' या उलेमांच्या संघटनेने केले. गावोगावच्या निवासी मदरशांमुळे तिचा शब्द सामान्य मुस्लिमांपर्यंत पोहोचतो. तिच्या युवक शाखेचे 'बान्सर' हे स्वयंसेवक दल नाताळात चर्चच्या दारात पहाऱ्याला उभे राहते. २४ डिसेंबर २००० रोजी मोजोकर्तो इथे रियांतो हा बान्सरचा तरुण असाच उभा होता. चर्चमध्ये सापडलेला बॉम्ब त्याने उचलून बाहेर नेला आणि स्फोटात तो मरण पावला. त्याचे वय होते २५.

२०१९ मध्ये बांजार इथल्या परिषदेत याच संघटनेच्या उलेमांनी ठरवले की राष्ट्राच्या संदर्भात मुस्लिमेतरांना 'काफिर' म्हणू नये, ते समान नागरिक आहेत. हा निर्णय त्यांनी फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या भाषेत मांडला. बाहेरच्या कुणी हेच सांगितले असते तर किती जणांनी ऐकले असते?

तरीही चित्र गुलाबी नाही. जुलै २०१६ मध्ये उत्तर सुमात्रातील तांजुंग बालाई शहरात एका चिनी वंशाच्या बौद्ध महिलेने मशिदीच्या भोंग्याच्या आवाजाबद्दल तक्रार केली. अफवा पसरली आणि जमावाने अनेक बौद्ध विहारांवर हल्ले केले. दंगलखोरांना काही महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्या महिलेला मात्र २०१८ मध्ये ईशनिंदेसाठी दीड वर्षाचा तुरुंगवास झाला. अजान मोठ्याने होते असे म्हणणे ही ईशनिंदा नव्हे, असे नहदलातुल उलामाच्या पदाधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले, पण शिक्षा टळली नाही.

ईशनिंदेच्या तरतुदीचे मूळ १९६५ च्या अध्यक्षीय आदेशात आहे. जमाव जमवणाऱ्यांच्या हातात तो आयताच सापडतो. या आदेशाला २००९ मध्ये घटना न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद होते. ते नहदलातुल उलामाच्या संस्थापकाचे नातू. राष्ट्राध्यक्ष असताना, २००० मध्ये, त्यांनी चिनी वंशीयांच्या सार्वजनिक धार्मिक आचारांवरची १९६७ पासूनची बंदी उठवली होती. निकाल येण्याआधीच, डिसेंबर २००९ मध्ये, त्यांचे निधन झाले. न्यायालयाने २०१० मध्ये याचिका फेटाळली. आदेश कायम राहिला आणि आठ वर्षांनी तांजुंग बालाईच्या त्या महिलेला शिक्षा झाली.

२०२२ मध्ये धर्म मंत्रालयाने मशिदींच्या भोंग्यांसाठी १०० डेसिबलची मर्यादा घालणारे परिपत्रक काढले.