जुन्या टीव्हीचा सौदा

घरात पहिला रंगीत टीव्ही आला ते साल अनेक घरांत अजून सांगितले जाते. तो कोणी आणला, कुठून आणला, मोहल्ल्यातले किती जण बघायला जमले, हेही सांगितले जाते. पण तो टीव्ही पुढे कोणाला आणि कितीला विकला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. वस्तूंचा इतिहास लिहिणारेही बहुधा पहिल्या खरेदीपाशी थांबतात. कारखाना, शोध, जाहिरात, दुकान यांची नोंद होते. जुन्या वस्तूच्या दुसऱ्या, तिसऱ्या सौद्याची होत नाही. वस्तुतः माणसाची ऐपत, गरज आणि नियत या तिन्ही गोष्टी त्या दुसऱ्या सौद्यातच उघड्या पडतात.

आपल्या देशात दूरदर्शनचे पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले. मुंबईला त्यासाठी २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हाचे संच कृष्णधवल होते, त्यांना रेडिओप्रमाणे लायसन्स लागे, आणि ज्याच्या घरी संच असेल त्याचे घर रविवारी संध्याकाळी सिनेमागृह बनून जाई. १९८२ साली रंग आला. नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड भरणार होते आणि त्याआधी सरकारला देश रंगीत दाखवायचा होता. बाजारात रंगीत संचाची किंमत आठ हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत होती. साध्या कारकुनाच्या वर्षभराच्या पगारात तो बसणे कठीण होते. म्हणूनच रंगीत टीव्ही ही जशी करमणुकीची वस्तू होती, तशीच ती इभ्रतीचीही वस्तू झाली.

या कथेत कोकणचा धागा फार जुना आहे. बाणकोट, दाभोळ, श्रीवर्धन, म्हसळा, खेड, चिपळूण या भागांतले मुसलमान आधी जहाजांवर खलाशी म्हणून जात होते. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांत बांधकामाला, गोदीला, तेलकंपन्यांना माणसे लागू लागली, तेव्हा तीच वाट कुवेत, दुबई, मस्कत, जेद्दापर्यंत लांबली. दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर किंवा कायमचा परतणारा माणूस सोबत घड्याळ, टेपरेकॉर्डर, अत्तर आणि पुढे पुढे टीव्ही व व्हीसीआर आणू लागला. दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहून कायमचे परत येणाऱ्यांना घरगुती सामानावर कस्टमच्या नियमांत सवलत असे. कोकणी घरांत तिला नुसते ‘टी.आर.’ म्हणत. खोक्यावरची परदेशी अक्षरे पुसली जाऊ नयेत म्हणून कित्येक घरांत ते खोकेही जपून ठेवले जाई. ते जपण्याला एक व्यावहारिक कारणही होते: मूळ खोके, रिमोट आणि पावती सोबत असेल तर जुन्या संचाला बाजारात चार पैसे जास्त मिळत.

पण परदेशातून आलेला प्रत्येक संच आपल्याकडे चालेच असे नाही. भारतात पाल नावाची रंगीत पद्धत स्वीकारली गेली होती. कुवेत, ओमान, संयुक्त अरब अमिराती यांच्याकडेही तीच. सौदी अरेबियात मात्र त्या काळी सेकाम नावाची फ्रेंच पद्धत होती. त्यामुळे फक्त सेकामवर चालणारा संच इथे चित्र दाखवी, रंग दाखवत नसे. सौदीच्या अनेक भागांत वीजही आपल्याहून कमी दाबाची होती. अमेरिकेतून आलेल्या संचाची अडचण त्याहून मोठी होती, कारण तिथली पद्धत, वीज आणि चित्रातल्या रेषांची संख्या असे सगळेच वेगळे. म्हणून ‘मल्टिसिस्टिम’ हा शब्द जुन्या टीव्हीच्या बाजारात सोन्याच्या छापासारखा चाले. विकणाऱ्याने तो उच्चारला की भाव चढे, आणि जाणता घेणारा लगेच संच उलटा करून मागची पट्टी वाचायला घेई.

मुंबईत या मालाचे ठरलेले ठिकाण होते. क्रॉफर्ड मार्केटजवळचा मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट परदेशी इलेक्ट्रॉनिक मालासाठी प्रसिद्ध होते. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत आणि ते बसवणारे हातही मिळत. मटन स्ट्रीटच्या चोरबाजारात मोडक्यापासून मौल्यवानापर्यंत सगळे येई. या साखळीतला खरा काझी म्हणजे मेकॅनिक. घेणारा त्यालाच सोबत नेई. तो पाठीमागचे झाकण काढी, धूळ फुंकी, आतला वास घेई, आणि बोलण्याआधी संच दहा मिनिटे चालू ठेवून बघे. त्याच्या एका मान हलवण्यावर सौदा ठरे किंवा मोडे.

ती दहा मिनिटे महत्त्वाची होती. जुन्या टीव्हीचा प्राण त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये असे. ट्यूबच्या मागच्या टोकाला असलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. वर्षानुवर्षे वापरून त्याची ताकद कमी होते. मग चित्र उशिरा उगवते, काळपट दिसते, पांढरा भाग पसरल्यासारखा होतो. यावर एक तात्पुरता उपाय होता. ट्यूबच्या फिलामेंटला जास्त दाबाची वीज देऊन कॅथोड काही काळ चेतवायचा. मग चित्र एकदम उजळे, गिऱ्हाईक खूश होई, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ट्यूब पूर्वीपेक्षाही लवकर संपे. दुरुस्ती म्हणून, मालकाला सांगून केलेला हा उपाय कसबाचा होता. तोच विक्रीच्या आदल्या रात्री, न सांगता केला, तर ती फसवणूक होती. हत्यार एकच, हातही एकच. फरक फक्त सांगण्या-न सांगण्याचा.

उलट प्रकारही होई. सोनीने १९६८ साली ट्रिनिट्रॉन ट्यूब आणली. तिच्यात छिद्रांच्या जाळीऐवजी बारीक उभ्या तारा ताणलेल्या असत आणि त्या थरथरू नयेत म्हणून आडवी एक किंवा दोन अतिबारीक तार बसवलेली असे. पांढऱ्या पडद्यावर तिची फिकट सावली दिसे. ती बघून नवशिका घेणारा ‘पडदा चिरलाय’ म्हणून भाव पाडी. जाणकाराला मात्र त्याच रेषेवरून अस्सल ट्रिनिट्रॉनची खूण पटे. म्हणजे अज्ञानाचा तोटा दोन्ही बाजूंना होता. प्रामाणिक विकणाऱ्यालाही आपला चांगला माल चांगला आहे हे पटवून देता येत नसे.

ही अडचण अर्थशास्त्रात फार गाजली. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अभ्यासकाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकेत खराब निघालेल्या मोटारीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. त्याचे म्हणणे साधे होते: विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक मालाला संशयानेच भाव देतो. त्या पडेल भावात चांगल्या मालाचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात लिंबेच उरतात. २००१ साली अकरलॉफ यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल मिळाले. लॅमिंग्टन रोडवरच्या मेकॅनिकने हा निबंध वाचला नव्हता, पण त्याची रोजीरोटी याच गाठीवर चालत होती. दोघांमधले अज्ञान कमी करणे, हाच त्याचा धंदा होता.

कायदा याबाबत काय सांगतो, तेही पाहण्यासारखे आहे. १९३० चा माल विक्री कायदा सर्वसाधारणपणे घेणाऱ्यावरच जबाबदारी टाकतो: बघून घे, मग घे. धंदेवाईक दुकानदाराच्या बाबतीत त्याला अपवाद आहेत; शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकलेल्या संचाला त्यांचा फारसा आधार मिळत नाही. १८७२ च्या करार कायद्यात मात्र एक बारीक रेषा आखलेली आहे. नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही फसवणूक ठरते. मरू घातलेल्या ट्यूबला आदल्या रात्री झगमगाट देणे हे या रेषेच्या पलीकडे जाते. पण सात-आठशे रुपयांच्या सौद्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून प्रत्यक्षात कायद्याचे काम मोहल्ल्यातल्या पतीने केले. ज्याने एकदा फसवले, त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोणी जात नसे.

या सौद्यांत संकटाच्या वेळा निराळ्या. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले. तिथून दीड लाखाहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. बहुतेक जण जॉर्डनमार्गे, एअर इंडियाच्या विमानांनी आले. त्यांत कोकणचे लोकही होते. हातात एक पिशवी घेऊन माणसे उतरली. कुवेतच्या घरांतले टीव्ही, फ्रीज, बचत जागच्या जागी राहिले. अशा माणसाच्या गावच्या घरात आधीच्या सुट्टीत आणलेला टीव्ही असेल, तर तीच त्याची रोकड. अशा वेळी विकणारा घासाघीस करू शकत नाही, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असते. जुन्या वस्तूच्या बाजारात दोष लपवणारा विक्रेता जसा असतो, तसा गरज ओळखून भाव पाडणारा गिऱ्हाईकही असतो. पहिल्याला आपण लबाड म्हणतो. दुसऱ्याला व्यवहारी म्हणून मोकळे होतो.

१९९१ नंतर चित्र पालटले. परदेशी कंपन्या इथेच माल विकू लागल्या. दशकाच्या उत्तरार्धात अकाईने ‘जुना द्या, नवा घ्या’ या योजनांचा धडाका लावला आणि इतरांनी तोच कित्ता गिरवला. मग सपाट पडदे आले. दुबई-बँकॉकहून येणारे प्रवासी ते सामानातून आणू लागले, तेव्हा सरकारने २६ ऑगस्ट २०१३ पासून अशा टीव्हींची बिनशुल्क सवलत काढून घेतली आणि पस्तीस टक्के कस्टम अधिक अधिभार लावला. एकेकाळी आखातातून आलेल्या माणसाचे मानचिन्ह असलेली वस्तू अशी साधी सामानातली रक्कम होऊन गेली.

तरी काही संचांनी जुने होऊनही मान टिकवला. पायोनिअर या जपानी कंपनीचे ‘कुरो’ नावाचे प्लाझ्मा टीव्ही गडद काळ्या रंगासाठी नावाजले गेले. ‘कुरो’ म्हणजे जपानीत काळा. महाग असल्याने ते पुरेसे खपले नाहीत आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कंपनीने टीव्हीचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर जाणकार वापरलेले कुरो शोधत फिरू लागले. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा पडदे बनवणे थांबवले, तेव्हा त्यांच्याही शेवटच्या संचांना अशीच मागणी आली. इथेही पारख जुनीच: पांढरा पडदा लावून बघायचे की कोपऱ्यात एखाद्या वाहिनीचे चिन्ह कायमचे उमटले आहे का. आजच्या ओएलईडी संचांनाही तोच डाग लागतो, आणि विकणारा तो कोपरा दाखवतो की नाही यावरच त्याची परीक्षा होते.

सोनीने १९८९ साली ४३ इंची ट्यूबचा एक अवाढव्य टीव्ही काढला होता. वजन सुमारे दोनशे किलो, अमेरिकेतली किंमत चाळीस हजार डॉलर. असा एक संच ओसाका शहरातल्या नूडल्सच्या एका दुकानाच्या माडीवर शिल्लक होता. इमारत पाडली जाण्याआधी तो खाली उतरवून एका हौशी संग्राहकाने अमेरिकेला नेला. ही हकिगत २०२४ च्या अखेरीस जगभर पोचली.

आपल्याकडचे बहुतेक जुने संच इतके नशीबवान नव्हते. सेट-टॉप बॉक्स आल्यावर काहींना थोडे आयुष्य मिळाले. मग ते भंगारात गेले. त्यांच्या काचेत शिसे असते आणि ती काच उघड्यावर फोडणाऱ्या पोरांच्या श्वासात काय जाते, याचा हिशेब कोणत्याही सौद्यात धरलेला नव्हता. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून अंमलात आले. तोवर लाखो ट्यूब फुटून गेल्या होत्या. वस्तूचा दोष घेणाऱ्याला सांगावा, एवढे तरी आपण निदान तत्त्वतः मानतो. तिच्या शेवटच्या वारसाला, म्हणजे भंगारवाल्याला, तिच्या पोटात काय आहे ते कोणी सांगायचे, हा प्रश्न मात्र अजून कोणाच्या पावतीवर लिहिलेला नाही.