सरकीपासून सुटताना

वरवंडच्या आमच्या घराच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं देवकापसाचं एक झाड होतं. शिवारात ज्वारी-बाजरी आणि कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, त्यात कापसाचं असं ते एकच झाड. त्याच्या बोंडांतून आजी वर्षभराच्या वाती आणि गणपती-गौरींची गेजवस्त्रं करायची. सरकी ती बोटांनीच काढी. मी सात-आठ वर्षांची असताना सकाळी दवात भिजलेली बोंडं तोडून लगेच सोलायला बसले, तर तिनं हात धरला. "ओला कापूस सोलू नगं, पोरी. तंतू सरकीला धरून ऱ्हातो." मग मी तो दुपारभर पत्र्यावर वाळत टाकला, तेव्हाही ती म्हणाली, "आता सावलीत निवू दे, मग बोट लाव. तापलेला तुटतो."

पुढं सूतगिरणीच्या तपासणी खात्यात माझी नोकरीची सव्वीस वर्षं गेली. तिथं जे शिकले त्याचं मूळ त्या दोन वाक्यांत होतं. सूत चांगलं की वाईट, याचा मोठा भाग चाती फिरण्याच्या आधीच, सरकीपासून रुई सुटते तिथं ठरलेला असतो.

आपल्याकडे हे काम शेकडो वर्षं रेच्यावर होत आलं. दोन लाटा, एक जाड आणि एक बारीक, उलट्या दिशांनी फिरणाऱ्या. फटीतून रुई पुढं जाते, सरकी जाऊ शकत नाही म्हणून मागं पडते. काम फार सावकाश चाले आणि ते बहुतेक बायकांच्या हातचं असे. पण तंतूला दणका बसत नसे, तो जेवढा लांब बोंडात असे तेवढाच लांब बाहेर येई. एली व्हिटनीनं 1793 मध्ये अमेरिकेत करवती दातांचं जिन बनवलं. एका माणसाच्या हातून कितीतरी पट रुई निघू लागली, पण दाते तंतू ओरबाडून काढत. 1840 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीनं अमेरिकी मळेवाले आणि ही करवती यंत्रं हिंदुस्थानात आणली. धारवाडकडे रुजलेल्या अमेरिकी कापसाला ती मानवली आणि 'सॉ-जिन्ड धारवाड' हे बाजारातलं एक नावच झालं. आपल्या आखूड धाग्याच्या देशी कापसाला मात्र ती सोसली नाहीत. मुळात आखूड तंतू, त्यात तो तुटला की कातायला उरतं काय?

त्याच 1840 मध्ये फोन्स मॅकार्थीनं अमेरिकेत वेगळी वाट काढली. कातडं चढवलेला खरबरीत रोलर आणि त्याला टेकून बसवलेली एक स्थिर पाती. तंतू कातड्याला चिकटून पातीखाली ओढला जातो, सरकी पातीशी अडते आणि खालीवर हलणारी दुसरी पाती तिला ढकलून मोकळी करते. म्हणजे रेच्याचंच तत्त्व, फक्त यंत्राच्या जोरावर. खानदेश-वऱ्हाडात पुढं हेच जिन रुळलं आणि त्याचा डबल रोलर अवतार आजही आपल्या बहुतेक जिनांमध्ये घुमतो आहे.

अमेरिकेत 1861 ला यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईचा भाव आभाळाला भिडला. भावाबरोबर लबाडीही वाढली. कापसावर पाणी मारायचं, सरकी आणि माती तशीच दाबायची, चांगल्यात हलका मिसळायचा. सरकारला 1863 मध्ये मुंबई इलाख्यात कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदाच करावा लागला. आमच्या केडगाव-पाटसवरून जाणारा लोहमार्ग तेव्हा नवाच होता. 1858 मध्ये तो पुण्याहून पुढं सरकला, 1860 मध्ये सोलापूरला पोचला. 1877 मध्ये सोलापुरात 'जुनी गिरण' आणि नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आता इथला कापूस इथंच कातला जाऊ लागला. परदेशी व्यापाऱ्याचं नुकसान वाटणारी ती लबाडी आपल्याच कामगाराच्या चात्यांवर तुटी बनून येऊ लागली.

पुढची दोन पावलं मला फार मोलाची वाटतात. 1924 मध्ये मुंबईत माटुंग्याला प्रयोगशाळा उभी राहिली. नव्या वाणाची रुई थोडी-थोडी कातून पाहायची आणि मगच तो वाण शेतकऱ्याला द्यायचा, हे तिचं काम. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक आला. गाठ कुठली ते कळू लागलं, म्हणजे दोष कुठला तेही विचारता येऊ लागलं.

तो प्रश्न एकदा मलाही विचारावा लागला. एकाच वाणाच्या, एकाच व्यापाऱ्याकडच्या गाठी होत्या. डिसेंबरातल्या गाठींचं सूत सरळ निघालं, एप्रिलमधल्या गाठींनी रिंग फ्रेमवर तुटींचा पाऊस पाडला. ठपका आला सांधे मारून बोटं सोललेल्या कामगारांवर. मी 120 वारांच्या लडी तोडून पाहिल्या, ताकद घसरलेली. तंतू विंचरून लांबीप्रमाणे लावले, तर आखूड तंतूंची शेपटी वाढलेली. सूत ओढलं जाताना लांब तंतू दोन रुळांच्या पकडीत राहतो. आखूड तंतू मध्येच सुटा तरंगतो, म्हणून सूत एके ठिकाणी जाड आणि पुढं बारीक होतं आणि बारीक जागी तुटतं. यात कामगाराचा काय दोष?

व्यवस्थापकांबरोबर मी या गाठी जिथून आल्या त्या विदर्भातल्या जिनात गेले. एप्रिलची दुपार, उघड्या अंगणात कापसाचा ढीग, हातात घेतला तर चुरचुरणारा. एक माणूस त्यावर नळीनं पाणी मारत होता. वरचा थर चिंब, आतला कोरडाठाक, आणि दोन्ही एकाच रोलरवर चाललेले. ओला कापूस गुंडाळून गाठी धरत होता, कोरडा तुटत होता. दाब जास्त दिल्यामुळे रोलर इतका तापला होता की थांबवल्यावरही तळहात ठेववेना. रुईत चिरडलेल्या सरकीच्या कवचाचे ठिपके होते, त्यांना तिथं किटी म्हणतात. हीच किटी पुढं सुतात अडकते. आणि कच्च्या तंतूंच्या बारीक गुठळ्या रंग धरत नाहीत, म्हणून निळ्या लुगड्यावर पांढरे कण दिसतात.

मी परत आले ते आजीचं वाक्य घेऊन. कापसात सहा ते आठ टक्के ओल असताना जिनिंग केलं तर तंतू वाचतो. त्याहून कोरडा असेल तर हवेतला दमटपणा वाढवून, वेळ देऊन ती ओल मुरवायची असते, बादलीनं ओतायची नसते. पुढं 2000 मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं. अंगणांना फरशी झाली, रुई वाहून नेणारे पट्टे आले, जुनी जिनं बदलली. तागाचे धागे, प्लॅस्टिकची सुतळी, केस वेचून काढण्याचा आग्रह सुरू झाला. हे सगळं फार आधी व्हायला हवं होतं, कारण उशिराचा तोटा कापूस पिकवणाऱ्यानं आणि सांधा मारणाऱ्यानं सोसला. पिंजण, कार्डिंग, रिंग फ्रेम ही खाती कचरा काढू शकतात किंवा तंतू सरळ करू शकतात. जिनात तुटलेली लांबी त्यांतलं एकही खातं परत देऊ शकत नाही.

निवृत्तीनंतर मी वरवंडला राहते. आजीचं झाड गेलं, त्याच्या बियांपासून वाढलेलं दुसरं आहे. कार्तिकात बोंडं फुटली की मी कापूस वाळवते, सावलीत निवू देते आणि दोन अंगठ्यांत एक पुंजका धरून हलकेच ओढते. तपासणी खात्यात आम्ही तंतूची लांबी अशीच पाहायचो, काळ्या मखमलीवर ठेवून. आजी तो पुंजका मांडीवरच्या काळ्या लुगड्यावर ठेवून बघायची. नातीला मी ते दाखवते, आणि तिनं घाई केली की तिचा हात धरते.