तळटीप : ‘आमचे पूर्वज’ कोणाचे?

बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २६व्या अध्यायातील विधीत हंगामाची प्रथमफळे अर्पण करणाऱ्याला, परमेश्वराने आपल्या पूर्वजांना शपथपूर्वक देऊ केलेल्या देशात आपण पोचलो आहोत, असे जाहीर करावे लागते. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमसंग्रहातील ‘बिक्कुरीम’ प्रकरणाने (१:४) यहुदी धर्म स्वीकारलेल्याला, म्हणजे ‘गेर’ला, फळे आणण्याची मुभा दिली, परंतु अब्राहाम, इसहाक व याकोब हे त्याचे रक्ताचे पूर्वज नसल्याने हे निवेदन उच्चारण्यास मनाई केली. याउलट जेरुसलेम तालमूद या मिश्नेवरील भाष्यग्रंथात रब्बी यहूदा यांच्या नावे आलेल्या मतानुसार, उत्पत्ती १७:५ मध्ये अब्राहामला अनेक राष्ट्रांचा पिता म्हटले असल्यामुळे गेरलाही त्याला पूर्वज म्हणता येते. यहुदी धर्मपंडित मायमोनिडीस (११३८–१२०४) यांनी हेच मत ग्राह्य धरले आणि ओबद्या नावाच्या गेरला लिहिलेल्या पत्रात, अब्राहामाचा मार्ग स्वीकारणारा प्रत्येक जण त्याचा वंशजच ठरतो, असे प्रतिपादन केले. मात्र त्यामुळे वंशाचा निकष सर्वस्वी रद्द झाला नाही. याजकपद हे मोशेचा भाऊ अहरोन याच्या पितृवंशापुरतेच मर्यादित राहिले.