शेळीचं दूध मोजलं कुणी?

मोरगावच्या माळावर 'चांगल्या जातीची शेळी' हा शब्द सारखा ऐकू येतो. जरा मागचं बघूया.

1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ सुरू केली. होल्स्टीन, जर्सीचं रेत गोठ्यापर्यंत आलं आणि गाईचं दूध वाढलं. पण नुसत्या रेतानं नाही. सोबत हिरवा चारा, पेंड, डॉक्टर आणि संध्याकाळी दूध मोजणारी डेअरी होती.

शेळीच्या वाट्याला हे आलंच नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरीवर अंगोरा बोकडाचा संकर झाला, तो केसासाठी! फलटणला निंबकरांच्या संस्थेनं बोअर आणली, ती मटणासाठी. दूध मागंच राहिलं.

आता लोक सानेनच्या मागे लागलेत. ती स्वित्झर्लंडची, थंड हवेची. तिच्यात दूध आहे, खोटं नाही. पण शेळ्या-शेळ्यांच्या दुधातला जो फरक दिसतो, त्यातला साधारण तिसरा हिस्साच आनुवंशिक असतो. बाकी चारा, पाणी, ऊन, कितवं वेत, एक करडू की दोन, यावर. कऱ्हाकाठच्या उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगांवर जगणारी सानेन किती दूध देणार?

आणि तिसरा हिस्सा म्हणजे थोडा नव्हे. आपल्याच कळपातल्या जास्त दुधाच्या शेळीचा बोकड राखला तर पिढीगणिक फरक पडतो. त्यासाठी वही आणि मापटं लागतं. आपण मात्र तगडा बोकड बकरी ईदला विकतो, अन् पैदाशीला उरलेला ठेवतो.