फिरत्या घरासाठी गाडी किती मोठी घ्यावी? पेडणे-डिचोलीच्या रस्त्यांवरून हिशेब

पेडणे : हरमल, मांद्रे, केरी या पट्ट्यात हंगामात परदेशी नंबरप्लेटच्या राहत्या गाड्या दिसणं नवं नाही. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे गाड्या थेट गोव्यापर्यंत यायच्या. १९७९ साली इराणची क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. त्या काळातली प्रसिद्ध फोक्सवॅगन व्हॅन जेमतेम साडेचार मीटर लांब होती. तेवढ्यात माणसं महिनोन् महिने राहिली.

आता हा प्रश्न आपल्या माणसांना पडायला लागलाय. निवृत्त झालेलं जोडपं, घरून काम करणारी तरुण मंडळी, मुलं परदेशी आणि घर रिकामं असलेली माणसं. ‘एक गाडी घेऊ, तीच घर करू, गोव्यापासून हिमाचलपर्यंत फिरू’ असं बोलणं बांद्यापासून बेळगावपर्यंत ऐकू येतं. अमेरिकेत याला आरव्ही म्हणतात, आपल्याकडे कॅराव्हॅन, मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅन. नाव काहीही असो, पैसे मात्र खरे जातात, आणि बऱ्याचदा ते प्रॉव्हिडंट फंडाचे असतात. सोफ्याचा रंग नंतर बदलता येतो, गाडीची लांबी-रुंदी बदलता येत नाही.

गाडीत संसार ही कल्पना आपल्या भागाला परकी नाही. दिवाळीनंतर दशावतारी कंपन्या जत्रा-जत्रांतून फिरतात. पेटारे, कपडे, माणसं सगळं गाडीत, आज या गावात तर उद्या त्या गावात. त्यांना विचारलं तर कुणीही सांगेल, गाडी मोठी असून भागत नाही, ती देवळापर्यंत पोचली पाहिजे.

रस्ता आधी, गाडी नंतर

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिकेतले. तिथे चाळीस फुटांच्या बसएवढ्या गाड्याही चालतात, कारण रस्ते रुंद आहेत आणि जागोजागी वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी असलेले तळ आहेत. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, केरळनेही त्याच वर्षी ‘केराव्हॅन केरळ’ आणलं. पण पूर्ण सोयीचे तळ अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. तेव्हा तिकडचं माप इकडे लावून चालणार नाही.

राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळ असं जाताना कुठलीही गाडी चालते. मोपा विमानतळाच्या बाजूचे नवे रस्तेही ऐसपैस आहेत. अडचण महामार्ग सोडला की सुरू होते. पेडणे तालुक्यातल्या वाड्यांचे रस्ते दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्यांनी बांधलेले. समोरून दुसरी गाडी आली की कुणीतरी मागे जायचं. सात मीटरची गाडी अशा वाटेवर शंभर मीटर रिव्हर्स घेऊन बघा, मग पुढचं बोलू. डिचोली, साखळी, मये भागात गावांतून जाणारे अरुंद रस्ते आहेतच, वर खनिजाच्या ट्रकांची गाठ पडते.

घाटांचं गणित वेगळं. साखळीहून चोर्ला घाटाने बेळगाव, सावंतवाडीहून आंबोली, हे रस्ते सहा मीटरच्या गाडीला सोसतात. दोडामार्गकडून चढणाऱ्या तिलारीच्या घाटात मात्र लांब आणि जड गाडी घालण्याचा विचारच नको. तिथली वळणं आणि चढ पाहिले की का ते कळतं. केरी-तेरेखोलची फेरीबोट लहान गाडी घेते. मोठी गाडी असली की किरणपाणी-आरोंदा पुलावरून वळसा. उंचीही विसरू नये. वरती एसी आणि सोलर पॅनेल बसवलं की गाडी तीन मीटरच्या आसपास जाते. मग पार्किंगचे अडथळ्याचे दांडे, झाडांच्या खाली आलेल्या फांद्या, गावातल्या लोंबणाऱ्या वायरी सगळंच लागायला लागतं.

उभं राहता येतं का, आडवं झोपता येतं का

पंधरा दिवसांच्या सहलीला वाकून चालता येतं. कायम राहायचं तर नाही. मारुती ईको बाहेरून सुमारे पावणेचार मीटर लांब आणि १.८ मीटर उंच. म्हणजे आत उभं राहायचा प्रश्नच नाही. एकटा तरुण त्यात मजेत राहील, साठीतलं जोडपं महिन्याभरात कंबर धरेल. पावसात बाहेर पडता येत नाही तेव्हा पॅन्ट चढवायलाही आडवं व्हावं लागतं, ही गोष्ट कुठल्या जाहिरातीत येत नाही.

दुसरं माप रुंदीचं. लोक लांबी विचारतात, रुंदी विचारत नाहीत. फोर्स ट्रॅव्हलरसारखी गाडी बाहेरून सुमारे २.१ मीटर रुंद. आतून अस्तर लावल्यावरही साडेपाच फुटांच्या आसपासचा माणूस तीत आडवा झोपू शकतो. टाटा विंगर सुमारे १.९ मीटर रुंद, तिच्यात बहुतेकांना लांबीच्या दिशेनेच झोपावं लागतं. फरक किरकोळ वाटतो, पण आडव्या पलंगाला गाडीची सव्वा मीटर लांबी जाते, उभ्या पलंगाला एकोणीसशे मिलिमीटर. हे जे दोन फूट वाचतात त्यात अख्खा ओटा किंवा संडासाची खोली बसते. उंच माणसाने म्हणून आधी गाडीत प्रत्यक्ष झोपून बघावं. शोरूममध्ये थोडं अवघडल्यासारखं होतं, पण लाजण्यात अर्थ नाही.

दोन माणसांना कायम राहायला साडेपाच ते सहा मीटर लांब, उंच छताची गाडी हे या भागासाठी सगळ्यात व्यवहारी माप. घरून काम करणारे दोघं असतील आणि दोघांचेही फोनवर कॉल चालत असतील, तर सात मीटरचा विचार करावा. एकाने बाहेर माडाखाली खुर्ची टाकून बसणं जूनमध्ये जमत नाही. (आणि माडाखाली गाडी तर कधीच लावू नये. नारळ पडला की सोलर पॅनेल गेलं.) मुलं शाळेची असली तर सात मीटरही अपुरे. सात मीटरपुढची बस घ्यायची तर मुक्कामाच्या जागा अर्ध्यावर येतील हे धरून चालावं.

गाडीमागे ओढायचं कॅराव्हॅनही मिळतं. तळावर ते सोडून गाडी मोकळी फिरवता येते, हा मोठा फायदा. पण ओढणारी गाडी धरून एकूण लांबी नऊ-दहा मीटर होते, आणि जोडलेलं कॅराव्हॅन अरुंद वाटेवर मागे घेणं ही वेगळीच विद्या आहे. एकाच ठिकाणी दोन-तीन महिने राहणाऱ्यांनीच त्या वाटेला जावं.

पाणी, वीज आणि वजन

गाडीचा आकार ठरतो तो खरा इथे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. जपून वापरलं तरी आंघोळ, भांडी, स्वयंपाक धरून माणशी वीस-बावीस लिटर लागतात. दोघांना शंभर लिटरची टाकी दोन दिवस पुरते. दोनशेची बसवली तर चार दिवस, पण शंभर किलो वाढले आणि पलंगाखालची जागा गेली. आपल्याकडे पाणी मागितलं तर पंपावर, देवळात, होमस्टेवर सहसा मिळतं. म्हणून प्रचंड टाकी नको, दोन-तीन दिवसांची बास.

संडासाचं तसं नाही. कॅसेट टॉयलेटची वीसेक लिटरची पेटी दोघांना दोन-तीन दिवसांत भरते, आणि ती रिकामी करायला अधिकृत जागा जवळपास नाहीत. परवानगी घेऊन एखाद्या संडासातच ओतावी लागते. व्हाळात, खाडीत, शेताच्या कडेला ओतणारे गावाचं पाणी बिघडवतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याचं स्वागतही. गावकरी गाडीवाल्यांवर चिडतात त्याचं एक मोठं कारण हेच.

विजेचा हिशेब तर पेनाने कागदावरच करावा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री आठ तास चालला की पाच-सहा युनिट जातात. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत जेमतेम अडीच युनिट मावतात. ४०० वॉटची पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतात, आणि साडेपाच मीटरच्या गाडीच्या छतावर पंखा, झरोका सोडून एवढीच जागा उरते. म्हणजे रात्रभर बॅटरीवर एसी ही गोष्ट लहान गाडीत विसरायची. पंखा, दिवे, लॅपटॉप, छोटा फ्रीज एवढं आरामात चालतं. एप्रिल-मेमध्ये डिचोलीच्या उकाड्यात एसी हवाच असेल, तर होमस्टेच्या आवारात पैसे देऊन प्लग घ्यावा. ते मोठ्या गाडीपेक्षा आणि मोठ्या बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

सगळं भरल्यावर गाडी काट्यावर नेऊन वजन करून घ्यावं. फर्निचर, पाणी, बॅटऱ्या, गॅस, माणसं, पुस्तकं, तांदूळ मिळून सात-आठशे किलो सहज होतात. आरसी बुकावर लिहिलेल्या एकूण वजनाच्या वर गेलं की ब्रेक, टायर आणि विमा तिन्ही धोक्यात. आणि जड गाडी पावसात भरावाच्या मऊ जमिनीवर लावली तर सकाळी चाकं रुतलेली असतात.

पावसाची गोष्ट निघालीच तर, जून ते सप्टेंबर गोव्यात आणि तळकोकणात गाडीत राहणं हा खरा कस. लहान बंद जागेत दोन माणसांचा श्वास, ओले कपडे, स्वयंपाकाची वाफ. आठवड्यात गादीखाली बुरशी. गाडी लहान असो वा मोठी, दोन बाजूंनी हवा खेळणारे झरोके आणि गादीखाली फळ्यांमध्ये फटी हव्यातच. जमत असेल तर पावसाळ्यात घाट चढून पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात जावं. चाकं असण्याचा तोच तर उपयोग.

डिझेलचा हिशेब

वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरायचं आणि लिटरला ९० रुपये धरायचे. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या लहान व्हॅनला वर्षाचे १ लाख २० हजार लागतात. दहा देणाऱ्या मध्यम गाडीला १ लाख ८० हजार. सहा देणाऱ्या बसला ३ लाख. मध्यम आणि मोठ्या गाडीतला सव्वा लाखाच्या आसपासचा फरक दरवर्षीचा आहे. तेवढ्या पैशात मध्यम गाडीवाला दर महिन्याला आठ-दहा दिवस साध्या लॉजवर अंघोळ करून पाय पसरून झोपू शकतो. टायर, सर्व्हिसिंग यांचा फरक धरलेलाच नाही.

कागदपत्रं

खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेप्रमाणे बिगर-वाहतूक वाहनांत येते. भाड्याने दिली की वाहतूक वाहन, मग परमिट आणि बाकीचं सगळं आलं. हलक्या मोटार वाहनाचा परवाना साडेसात हजार किलोपर्यंतच चालतो. त्याहून जड गाडी घेणाऱ्याने आधी परवान्याचं बघावं.

जुनी प्रवासी गाडी घेऊन गॅरेजमध्ये पलंग-ओटा ठोकून घेणं स्वस्त पडतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी असलेल्या बांधणाऱ्याकडून काम करून घ्यावं आणि आरसीवर तशी नोंद आहे ना ते पाहावं. नोंद नसलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

सीमाभागातल्यांसाठी महत्त्वाचं : एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी लागते. कायम फिरणाऱ्याला हा नियम सहसा आड येत नाही. पण सिंधुदुर्गाच्या नंबरची गाडी मांद्र्यात माडांच्या बागेत वर्षभर उभी असेल तर येतो.

मुक्कामाबद्दलही स्पष्ट असावं. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं २०१९ च्या दुरुस्तीपासून दंडाला पात्र आहे. म्हणजे ओटा गाडीच्या आतच हवा. मागचं दार उघडून बाहेर शेगडी मांडायची रचना व्हिडिओत छान दिसते, इथे ती अंगाशी येईल. लहान व्हॅनमध्ये नेमकी हीच रचना असते, म्हणून निवड करताना याचा विचार व्हावा.

घेण्याआधी

भाड्याची कॅम्पर घेऊन एक आठवडा राहावं, तोही शक्यतो मे अखेरीस किंवा जूनमध्ये. डिसेंबरात कुठलीही गाडी आवडते. जी गाडी घ्यायची तिच्याच लांबी-रुंदीची साधी प्रवासी गाडी एक दिवस भाड्याने घेऊन हरमलच्या वाड्यांतून आणि चोर्ला घाटातून स्वतः चालवून बघावी. दोघांनीही, कारण एक आजारी पडला तर दुसऱ्याला ती दवाखान्यापर्यंत न्यावी लागणार आहे. दोघांपैकी एकाला चालवायला भीती वाटत असेल तर एक माप खाली यावं.

आणि घर विकून गाडी घेऊ नये. घर भाड्याने द्यावं, पत्ता, रेशनकार्ड, मतदान, बँक सगळं तिथेच राहू द्यावं. गाडीची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते. दोन वर्षांनी गुडघे कुरकुरायला लागले, तर परत जायला दार हवं.