देशी की आयात : गाडीचा दीर्घकालीन भरवसा

पनवेल परिसरात गाडी घेणाऱ्या कुटुंबाच्या अपेक्षा साध्या असतात. पावसाळ्यात ती बंद पडू नये, बोरघाटात तापू नये आणि नोंदणीची पंधरा वर्षे तिने सुखरूप काढावीत. या कसोटीला देशी गाडी उतरते की आयात केलेली, हा प्रश्न मग ओघाने येतो. त्यासाठी 'भरवसा' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. गाडी क्वचित बिघडणे हा एक. बिघडल्यास ती लवकर व परवडणाऱ्या खर्चात दुरुस्त होणे हा दुसरा.

पद्मिनीचा धडा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाटच्या परवान्याने १९६४ पासून '११०० डिलाइट' ही गाडी बनवली. पुढे १९७४ मध्ये तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. घाटात तिच्या रेडिएटरचे पाणी उकळे, पत्र्याला गंज लागे. तरीही मुंबईची टॅक्सी म्हणून तिने अनेक दशके सेवा दिली. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. सोपे यंत्र, सर्वत्र मिळणारे सुटे भाग आणि नाक्यावरचा जाणकार मेकॅनिक हे तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य होते. ती वरचेवर बिघडे, पण अडून बसत नसे.

आयात गाडीचे बळ व उणीव

पूर्ण बांधणी होऊन बंदरात उतरणाऱ्या गाडीचे चित्र बहुधा उलटे असते. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे तेथील गाड्यांच्या पत्र्याला गंजरोधक संरक्षण चांगले असते. पनवेलच्या खाडीकडील खाऱ्या हवेत ते उपयोगी पडते. मात्र एखादा सेन्सर निकामी झाला, तर तो परदेशातून येईपर्यंत गाडी उभी राहू शकते. मॉडेल बंद झाल्यास ही प्रतीक्षा वाढते.

इंधनाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि त्यातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीचे रबरी भाग, मग ती देशी असो वा विदेशी, त्यास अनुकूल आहेत का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.

मधला प्रकार

सर्वच विदेशी नाममुद्रांच्या गाड्या आयात नसतात. मर्सिडीज-बेंझची जुळणी १९९५ पासून पुणे परिसरात होते. स्कोडाची २००१ मध्ये आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे सुरू झाली. म्हणून कोणते भाग इथे तयार होतात, हे नावापेक्षा महत्त्वाचे ठरते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

* नेहमी झिजणारे भाग जवळ मिळतात का, आणि काचा व दिव्यांसाठी किती दिवस लागतात?
* वापर केवळ स्टेशनपर्यंतचा आहे का? असल्यास आधुनिक डिझेल गाडी टाळावी. तिच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमधील काजळी जळण्यासाठी सलग वेगाने धाव लागते. द्रुतगती मार्गावर नित्य जाणाऱ्यांना ही अडचण कमी येते.
* जुनी गाडी असल्यास देखभालीच्या नोंदी आणि तळाचा गंज तपासला का?

पावसाळ्याच्या आधी व नंतर तळ धुऊन घ्यावा, कूलंट वेळेवर बदलावे. देशी असो वा आयात, पंधराव्या वर्षी गाडी चालती राहते ती बहुधा अशा देखभालीमुळे आणि हाताशी असलेल्या सुट्या भागांमुळे.